बेडकाची चिकाटी

चौथीच्या वर्गाला गणित शिकवता शिकवता बाईंना डॉक्टरेट करायची हुक्की आली, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं झालं. घरात कुणाला ताप आला की धावपळ नको." हा त्यातला डॉक्टर नव्हे, हे त्यांना पटवण्यात पहिलं वर्ष गेलं. दुसरं वर्ष प्रबंधाचं नाव ठरवण्यात गेलं. तिसऱ्या वर्षी नाव ठरलं, पण ते इतकं लांब होतं की शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात काय होती ते विसरायला व्हायचं.

विषय शैक्षणिक तंत्रज्ञान. हा विभाग विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथला प्रोजेक्टर प्लगमध्ये जुन्या प्रश्नपत्रिकेची घडी कोंबल्याशिवाय सुरू होत नसे. हजेरी वहीत, आणि वहीला सुतळीने बांधलेलं पेन. अर्ज कुठलाही असो, तीन प्रतींत. बाईंनी मुलांसाठी खेळाचं ॲप बनवलं, तर कार्यालयाने सांगितलं, "ॲपच्या प्रत्येक पडद्याची रंगीत प्रिंट काढा, बाइंडिंग करा आणि तीन संच जमा करा." त्यामुळे बाईंचा बेडूक तिन्ही संचांत उडी मारता मारता अधांतरीच राहिला. तो कुठे पडला हे समितीला कधी कळणार नव्हतं.

खेळ साधा होता. तळ्यात चार पानं, प्रत्येकावर एक अपूर्णांक. वर प्रश्न. बरोबर पानावर बोट ठेवलं की बेडूक उडी मारून काठावर पोचतो, टाळ्या वाजतात, खेळ संपतो. चुकीच्या पानावर ठेवलं की पान बुडतं आणि बेडूकही. मग तो पुन्हा वर येतो, नवा प्रश्न, नवी पानं. हे सगळं बाईंच्या धाकट्या दिराने बनवून दिलं होतं. तो एका कंपनीत प्रोग्रॅमर होता आणि वहिनीचं काम म्हणून त्याने जीव ओतला होता. जरा जास्तच ओतला होता. बेडूक बुडताना "मेलो, मेलो, मेलो!" असं ओरडायचा, तो आवाज दिराचा स्वतःचा. पाठोपाठ "डुबुक", तो बादलीत टाकलेल्या बटाट्याचा. बरोबर उत्तराचा आवाज मात्र बाईंनी दिला होता, शांत आणि स्पष्ट: "शाब्बास! असाच अभ्यास करत राहा."

वर्गातल्या अडतीस मुलांनी महिनाभर हा खेळ खेळला. आकडे आले तेव्हा बाईंनी ते दोनदा तपासले. मुलं चुकत होती. एकेक मूल सरासरी अकरा वेळा चुकत होतं, मग कुठे बाराव्याला बेडूक काठाला लागत होता. बारा वर्षं शिकवून ही कमाई! पण गाइड सरांनी आकडे पाहिले आणि खुर्चीतून अर्धे उठले.

"बाई, अकरा वेळा पडून मूल बाराव्यांदा उठतंय! काय आहे हे?"

"अपयश?" बाई हळूच म्हणाल्या.

"चिकाटी!" सर गरजले. "चिकाटी निर्देशांक! नाव आपण दिलं, आपलंच राहणार."

"पण सर, मुलांना अपूर्णांक येतच नसतील तर?"

"डेटा स्वतः तोंड उघडून बोलतोय, तुम्ही मध्ये कशाला बोलता?"

त्याच आठवड्यात सरांनी परिषदेला सारांश पाठवूनही दिला. त्यात त्यांचं नाव आधी होतं आणि बाईंचं दुसऱ्या ओळीवर सरकलं होतं.

आता सोमवारी तीन वाजता प्रगती सेमिनार होतं. तिसरं. पहिल्यात "सैद्धांतिक बैठक नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यात प्रश्नपत्रिकेची घडी सापडली नाही, प्रोजेक्टर बंद पडला आणि विभागप्रमुखांनी "उमेदवाराची तयारी अपुरी" असा शेरा मारला. तिसऱ्यातही नापसंत झालं तर नोंदणी रद्द, असा नियम होता. चार वर्षं पाण्यात, आणि तीही तीन प्रतींत.

रविवारी दुपारी बाई कपडे वाळत घालत होत्या. घरात फार शांतता होती. ज्यांच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे त्यांना ठाऊक असतं, अशी शांतता चांगली नसते. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती जागी असेपर्यंत स्थिर नसे. बाईंनी हातातला टॉवेल तसाच खांद्यावर टाकला आणि आत आल्या. तेवढ्यात जेवणाच्या टेबलाखालून आवाज आला: "मेलो, मेलो, मेलो!" डुबुक. आणि भिंगरीचं खदाखदा हसू.

टॅब त्यांनी कपाटात चादरींच्या घडीत लपवला होता. अडतीस मुलांच्या हाती पडदा देऊन संशोधन करायचं आणि स्वतःच्या लेकीपासून तो दडवून ठेवायचा, यात विसंगती आहे हे त्यांना कळत होतं. पण आई होणं आणि सुसंगत असणं एका वेळी जमत नाही.

"हिला टॅब कुणी दिला?"

"मी," सासूबाई टेबलापाशी शेंगा सोलत म्हणाल्या. "तूच म्हणतेस ना, अभ्यासाचा आहे? मग करू दे अभ्यास. माझं डोकं तरी शांत."

बाई वाकून टेबलाखाली पाहू लागल्या. भिंगरीने डोळे मिटून एका पानावर बोट दाबलं. "शाब्बास! असाच अभ्यास करत राहा," टॅबमधून बाई म्हणाल्या. भिंगरीचा चेहरा पडला. तिने टॅब जमिनीवर आपटला आणि भोकाड पसरलं.

"अगं, काय झालं? बरोबर आलं की तुझं!"

"नको बरोबर! बेडूक पाण्यात पाहिजे! आई, तू नको ना बोलू!"

बाई तिथेच जमिनीवर बसल्या.

"खरं आहे तिचं," सासूबाई शेंग फोडत म्हणाल्या. "मघापासून बघतेय मी. पोर रंगात येतं, आणि मधेच तू येऊन शाब्बास म्हणतेस. सगळा विचका."

चिकाटी! बाईंच्या डोक्यात सरांचा आवाज घुमला. मुलं अकरा वेळा पडून उठत नव्हती. अकरा वेळा बेडकाला बुडवत होती. दीर ओरडतो ते ऐकायला. आणि बाईंचं शाब्बास शक्य तितकं लांबवायला.

सोमवारी सकाळी त्यांनी वर्गात पाऊल टाकलं ते चोराला पकडायला आल्यासारखंच. पहिल्या बाकावरच्या मॉनिटर मुलीला त्यांनी जवळ बोलावलं. हिचा विक्रम होता, सलग सव्वीस चुका.

"खरं सांग. मुद्दाम चुकतेस ना?"

मॉनिटरने आधी छताकडे पाहिलं, मग चपलांकडे. "सगळेच चुकतात, बाई. आमची स्पर्धा आहे. जो जास्त वेळा बुडवेल तो जिंकला."

"म्हणजे हिशेब न करता धडाधड बोट दाबत सुटायचं, असंच ना?"

"नाही बाई!" मॉनिटर दुखावली. "असं कसं चालेल? न बघता दाबलं तर चुकून बरोबर येतं ना! मग तुम्ही बोलता आणि आउट. आधी बरोबर कुठलं ते शोधायचं, आणि मग त्याला हातच नाही लावायचा." मागच्या बाकावरच्या मुलाकडे मान वळवून ती पुढे म्हणाली, "त्याला आधी यायचं नाही, तो तिसऱ्यालाच आउट व्हायचा. मग मी त्याला शिकवलं. छेद मोठा म्हणजे तुकडा बारीक. आता तो वीस बुडवतो."

बाईंनी खडू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. हेच वाक्य त्या महिनाभर फळ्यावर लिहीत होत्या. कुणाच्या कानात शिरलं नव्हतं. बेडकाच्या जिवावर उठल्यावर शिरलं.

मधल्या सुट्टीत त्यांनी गणित मांडलं. चार पानं, एक बरोबर. ज्याला काहीच येत नाही तो साधारण दर चार उड्यांत एकदा चुकून काठाला लागणार, भिंगरीसारखा. सलग अकरा वेळा नुसत्या नशिबाने चुकायचं, तर ते शंभरात चार-पाच जणांना जमलं असतं. इथे अख्ख्या वर्गाला जमत होतं. म्हणजे अडतीसही पोरांना अपूर्णांक येत होते. अगदी पक्के.

आता प्रश्न एवढाच होता की तीन वाजता काय सांगायचं. चिकाटी सांगितली तर सर खूश, समिती खूश, नोंदणी शाबूत. खोटं बोलायला बाईंची फारशी हरकत नव्हती. पालकसभेत त्या दर तिमाहीला बोलायच्याच. पण हे खोटं प्रबंधात बांधलं जाणार, तीन संचांत, आणि जन्मभर लक्षात ठेवावं लागणार. शिवाय मॉनिटरचं ते दुखावलेलं तोंड डोळ्यांपुढून हलेना.

तीन वाजता प्रोजेक्टर लागला. घडी बाईंनी घरूनच आणली होती. समोर विभागप्रमुख, त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक, वय झालेले गृहस्थ, आल्यापासून चष्म्याच्या काचाच पुसत होते. कडेला गाइड सर, नवा शर्ट घालून.

बाईंनी "चिकाटी निर्देशांक" लिहिलेली स्लाइड उघडली. "हे चूक आहे," त्या म्हणाल्या.

सरांचा हात पाण्याच्या पेल्यापाशी थबकला.

मग बाईंनी सगळं सांगून टाकलं. टेबलाखालची भिंगरी, दिराची किंकाळी, मॉनिटरचा नियम, शंभरातले चार-पाच. सांगताना एकदा, कारण नसताना, त्यांना हसू आलं. सर छताकडे पाहत होते. चपलांकडे पाहणं तेवढं बाकी होतं.

"थोडक्यात," विभागप्रमुख म्हणाले, "विद्यार्थी चुकले म्हणजे त्यांना येतं. उद्या आम्ही नापासांना पदवी द्यायची का? अहो बाई, चुकणं काय, कुणालाही जमतं!"

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कुणालाही? मग बुडवून दाखवा की."

विभागप्रमुखांनी बाह्या सरसावल्या. पडद्यावर प्रश्न आला: एक तृतीयांशपेक्षा मोठा कोणता? पानं होती एक पंचमांश, दोन सप्तमांश, तीन अष्टमांश, एक चतुर्थांश.

"यात काय आहे! अष्टमांश म्हणजे सगळ्यात बारीक तुकडा," ते म्हणाले आणि त्यांनी तीन अष्टमांशावर बोट दाबलं.

बेडूक डौलात काठावर उतरला. "शाब्बास! असाच अभ्यास करत राहा," अख्ख्या दालनात बाईंचा आवाज घुमला.

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा फिरत राहिला.

परीक्षकांनी टॅब आपल्याकडे ओढला. सलग पाच वेळा बेडूक बुडवला. पाचव्या डुबुकला त्यांचे खांदे हलू लागले. मग टॅब ठेवून, डोळे टिपत ते म्हणाले, "नोंदणी चालू ठेवा. पण बाई, चिकाटी काढून टाका. नाव बदला आणि सगळं मोजमाप पुन्हा करा, दुसऱ्या शाळेत, नव्या मुलांवर. वर्ष जाईल."

"जाऊ दे," बाई पटकन म्हणाल्या. घरी हे कसं सांगायचं, ते त्यांच्या नंतर ध्यानात आलं.

परीक्षक गाडीसाठी निघून गेले. नावबदलाच्या अर्जावर विभागप्रमुखांची सही हवी होती, तीन प्रतींत. बाई आणि सर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दार आतून लोटलेलं होतं. टॅब आतच होता.

"परिषदेला सारांश गेला आहे," सर म्हणाले. "त्याचं मी काय करू आता?"

"चुकलं म्हणून कळवा, सर. नवा प्रश्न मिळतो."

सरांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. काही बोलणार, तोच दाराआडून शाब्बास ऐकू आलं आणि पाठोपाठ विभागप्रमुखांचं चिडकं "छे!". मग शांतता. मग "मेलो, मेलो, मेलो!" डुबुक. पुन्हा डुबुक. जरा वेळ लावून, विचार करून, आणखी एक.

सर उठून दारावर टकटक करणार होते. बाईंनी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"थांबा ना सर. तीन झाले. येतंय त्यांना."