शेवटचा पत्ता मधल्या जागी

पाळण्याची कडी कुरकुरली. गंगम्माने लाटणं अलगद ठेवलं, पिठाचा हात लागू नये म्हणून कोपरानेच एक झोका दिला आणि बाळ निजल्याची खात्री करून पुन्हा ओसरीकडे पाहिलं.

तिथे तिच्या धाकट्या भावाने, सिद्धनाथने, शहाबादी फरशीवर बावन्न पत्ते मांडले होते. प्रत्येकाखाली खडूने आकडा. मुंबईच्या कॉलेजात त्याला कॉम्प्युटरकडून पत्ते वाटून दाखवायचे होते.

“त्याला राजा-राणी कळत न्हाय, अक्का. नुसते आकडे. एक ते तेरा इस्पिक, चौदापास्नं बदाम. गौरे, तू कॉम्प्युटर. सांग कुठलाबी आकडा.”

“सव्वीस!” गंगम्माची सहा वर्षांची लेक गौरा ओरडली.

सिद्धनाथने बदामचा राजा उचलला. मग आणखी एक, मग आणखी. तीसेक पत्ते गेल्यावर गौरा सांगेल तो आकडा आधीच गेलेला निघू लागला.

“तुझा कॉम्प्युटर आमच्या गौरापेक्षा शहाणा न्हाय की.”

“थट्टा नको, अक्का. शेवटी चार पत्ते उरले की ते नुसतं आकडे काढत बसतंय. यंत्र आठवड्यातनं एकदाच मिळतं. सोमवारी सरांपुढं अडलं तर मार्क गेले.”

मॅट्रिकला गणितात गंगम्मा शाळेत पहिली आली होती आणि त्याच जूनमध्ये तिचं लग्न झालं. सिद्धनाथला त्रैराशिक तिनेच शिकवलं होतं.

ती अंगणात वाळत घातलेले पापड बघायला गेली. भिंतीची सावली कापडाच्या कडेवर चढली होती. मधला एक पापड वाळला होता. तो तिने उचलला आणि कडेचा शेवटचा ओला पापड उन्हात, त्या मोकळ्या जागी सरकवला. मग तिचा हात तसाच थांबला.

“सिद्धू, पत्ते परत मांड.”

“का गं?”

“मांड तर. सव्वीस गेला? मग शेवटचा बावन्नावा त्या जागी ठेव. उरले एक्कावन्न. आता एक ते एक्कावन्नमधलाच आकडा मागायचा.”

“बाकीचे सरकवायचे न्हाईत?”

“कशाला? पिसायचेच हायत की ते.”

गौरा आकडे सांगत गेली. ओळ मागून आखडत आली. एकदाही हात रिकाम्या जागी पडला नाही. सिद्धनाथने ते दोनदा करून बघितलं, मग वही ओढली आणि भराभर लिहीत सुटला. मधेच पेन्सिल थांबली.

“सर विचारणार, हे कुणी सुचवलं म्हणून.”

गंगम्मा नखातलं पीठ काढत होती.

“तुझं तुलाच सुचलं म्हण.”

“अक्का...”

“मग काय सांगणार? बहिणीनं पापड वाळवताना सांगितलं? हसतील की तुला.”

ती हसली. तो हसला नाही. थोड्या वेळाने त्याने पानाच्या डोक्यावर आपलं नाव लिहिलं आणि ट्रंक भरायला आत गेला.

गंगम्मा पत्ते गोळा करू लागली. एकेकावरचं पीठ पदराने पुसून ती गड्डीत ठेवत होती. गौरा तिला खेटून बसली.

“अव्वा, सुचलं तर तुला. मग ते मामाचं कसं?”