वेरावळचा आराम

देवकीबाई माझी थोरली जाऊ. लाकडगंजात आमची सागवानाची वखार आणि वखारीच्या मागेच घर. आल्यागेल्याला आधी जेवायला बसवायचं आणि मग कामाचं विचारायचं, ही माझ्या भासऱ्यांची, म्हणजे तिच्या यजमानांची, बाबारावांची रीत. गावभर त्यांच्या दिलदारीचं कौतुक होतं. दिलदारी त्यांची, चूल आमची.

त्या वर्षी त्यांनी द्वारकेला जायचं ठरवलं. मुंबईपर्यंत गाडी, पुढे आगबोट. शेजारची भागीरथा आदल्या साली जाऊन आली होती. ती म्हणाली, "बोट वेरावळले दिवसभर थांबते. सामानाची चढउतार चालते, तवर आपण किनाऱ्यावर जाऊन बसाचं. नुसती वाळूच वाळू. पाणी येते, पायाले लागते आन् चाललं जाते."

झालं. देवकीबाईने द्वारका देवावर सोडली आणि वेरावळ धरलं.

दुपारी गहू निवडताना आमचे बेत चालायचे. "मी तं पाय पसरून बसणार," ती म्हणायची. "कोणी मोठं आलं म्हणून पाय ओढून घेणं नाही." मी मुद्दाम विचारायचे, "आन् कोणी हाक मारली तं?" "समुद्राचा आवाज मोठा असते म्हणे. ऐकूच नाही आली म्हणाचं!" लुगडं भिजलं तर भिजू द्यायचं. भूक लागली तर ज्याने त्याने आपलं संत्रं सोलून खायचं. लग्न होऊन आल्यापासून तिच्या हातची चूल सुटली नव्हती. महिन्याचे बाजूला बसायचे दिवस आले की तेवढी सुटायची, पण तेव्हाही शिवायला गोधड्या पुढ्यात यायच्या. चाळिशी ओलांडलेली बाई, पण वेरावळचं बोलताना तिचा चेहरा माहेरी निघालेल्या पोरीसारखा व्हायचा.

बोटीवरचं शिजलेलं अन्न आमच्यात चालत नसे. म्हणून आम्ही दोघींनी लाडू, चिवडा आणि दशम्यांचे डबे भरले. सगळ्यांना पुरून उरेल एवढं. निघायला थोडे दिवस उरले असताना भासरे जेवता जेवता म्हणाले, "काटोलचे मारोतराव बी येऊन राहिले, घरच्यांसंगं. मी म्हटलं, वेरावळले आमच्याकडंच जेवा. किनाऱ्यावर चूल मांडू. पुरणपोळी होऊन जाऊ दे!"

देवकीबाई वाढता वाढता थांबली. "एक दिवस दशम्या खाल्ल्या तं नाही चालणार का?"

"काहून? गाडीत कोरडं, बोटीत कोरडं, आन् जमिनीवर उतरल्यावरबी कोरडंच? घरात दोन-दोन बाया असून?"

ते हसत म्हणाले. त्यात राग येण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. पण भासऱ्यांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. ती काही बोलेल म्हणून मी तिच्याकडे बघत राहिले. तिने त्यांच्या भातावर तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी तिने येत नाही म्हणून सांगितलं. घराला कोणीतरी पाहिजे, एवढंच कारण. भासऱ्यांनी एकदा आग्रह केला, मग वखारीत येईल त्याला मायेने सांगू लागले, "तिले पाण्याचं भेव वाटते." तिने तेही खोडलं नाही.

"मीबी नाही जात," मी म्हटलं.

"येडी आहेस का, शामला? चूल मांडाले कोणीतरी लागनच. जा वं तू. एवढ्या दिवसात घडीभर तं मोकळी होशीन. डोळे भरून समुद्र पाह्य, आन् मले सांग."

मी गेले. वेरावळला वारा असा, की चूल काही केल्या धरेना. मग मी आणि मारोतरावांची बायको सुभद्रा, दोघी समुद्राकडे पाठ करून चुलीला आडोसा देत बसलो. डोळ्यांत धूर, पुरणात वाळू. पुरुष जेवले, वाळूत आडवे झाले, घोरले. आम्ही जेवेतो उन्हं कलली. भांडी किनाऱ्यामागच्या विहिरीवर नेऊन घासली, तोच बोटीचा भोंगा झाला.

घरी आलो तर ओसरीवर भेटायला आलेल्या माणसांची ही गर्दी. भासरे रंगात आले होते. "द्वारका पाहिलीच, पण वेरावळ! असा आराम जन्मात नाही भेटला गा!" आणि आत वळून म्हणाले, "तू याले पाहिजे होतं. तुलेबी बरं वाटलं असतं."

देवकीबाई माझा हात धरून मला माजघरात घेऊन गेली. दार लोटलं आणि समोर बसली.

"तुमच्या वेरावळच्या दिवशी मी घरी एकटीच होती. दिवसभर मनात तुलेच पाहून राहिली होती," ती म्हणाली. "म्हटलं, आता शामला बसली असन. आता पाणी आलं असन तिच्या पायाले. सांग ना, कसं लागते वं?"

तिचा चेहरा उजळला होता. भागीरथेने सांगितलेलंच परत सांगावं असं वाटलं. तोंडही उघडलं, पण तिच्याशी खोटं बोलायची सवय नव्हती.

"मले नाही माहीत, बाई," मी म्हटलं. "माही पाठ होती समुद्राकडं. वारा लागून राहिला होता चुलीले."



"म्हणजे कोणीच नाही बसलं," ती म्हणाली.

रडले ते मी. ती पदराने माझे डोळे पुसत होती.