शाळेच्या वाटेतला चर

वरच्या वस्तीतल्या कुणाची तरी गुरं पुन्हा शेतात शिरली आणि खालच्या शेतकऱ्याचं डोकं फिरलं. वस्तीवर जाऊन त्यानं सगळ्यांचे आईबाप काढले. दुसऱ्या दिवशी बांधालगतच्या पाऊलवाटेवर आडवा चर खणला, वर काटेरी फांद्या रचल्या. हायस्कूलची पोरंही त्याच वाटेनं येतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. बायकोनं हटकलं तर म्हणाला, "टेकडीला वळसा घालतील. पाय झिजतात काय पोरांचे?"

पोरं वळसा घालू लागली. पहिला तास रोज बुडायचा. हायस्कूलच्या मोठ्या बाई घरी येऊन समजावून गेल्या. त्यानं हूं हूं केलं, चर तसाच ठेवला.

मग एकदा जेवताना त्याच्या लेकीनं ताट पुढे सारलं. तिच्या बाकावरची मैत्रीण, वस्तीवरच्या गवंड्याची मुलगी, शाळा सोडून घरी बसली होती. धाकट्या भावंडांचं आवरून निघायची, जवळच्या वाटेनं कशीबशी वेळेत पोचायची. आता रोजचा उशीर, रोजची बोलणी. शेवटी आईच म्हणाली, राहा घरी.

"दहावीला ती पहिली येणार होती, बाबा," लेक म्हणाली. "आता मी येईन."

तो अर्ध्या ताटावरून उठला.

उजाडताच त्यानं फावडं उचललं, चर बुजवला, माती पायानं दाबून सपाट केली आणि तसाच मातीच्या हातांनी गवंड्याच्या दारात गेला. गवंड्याची बायको चार शब्द बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढंच म्हणाली, "गुरं आमची नव्हती, दादा. आमच्याकडे गुरंच नाहीत."

मोठ्या बाईंनी मुलीला परत घेतलं. पण दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत टळून गेली होती, तिला पुन्हा त्याच वर्गात बसावं लागलं. त्याची लेक पहिली आली. गाव कौतुकाला दारात जमलं, तेव्हा हा गोठ्यात जाऊन उगीच शेण ओढत बसला.

वस्तीवरची पोरं आता त्याच्या शेतातून हसतखिदळत जातात. गवंड्याची मुलगी तेवढी टेकडीवरून वळसा घालते. त्यासाठी पहाटेच उठते म्हणे. एकदा त्यानं खालून हाक मारली, "पोरी, वाट मोकळी आहे गं."

ती थांबली. "माहीत आहे, काका," म्हणाली, आणि दप्तर सावरून टेकडीमागे गेली.