अकरा ठिपक्यांचा चेहरा

सोमलीबाईच्या चेहऱ्यावर अकरा ठिपके होते. हनुवटीवर तीन, एका गालावर पाच, नाकपुडीशेजारी एक, भुवयांच्या मध्ये एक आणि कानशिलावर एक. पल्लवीनं ते दोनदा मोजले. समोर बसून वहीत आकृती काढली, प्लास्टिकच्या पट्टीनं अंतरं घेतली आणि खाली लिहिलं: गाल उजवा, नाकपुडी उजवी, कानशील डावं.

"मोजून सरलं का गं? का दात बी मोजायलीस?" सोमलीबाईनं विचारलं.

"दात न्हाई फोटूत यायचे, मावशी."

"मग ऱ्हाऊ दे. तसं बी सातच हायेत."

पल्लवी जवळच्याच मादन हिप्परगा गावची. फिजिक्स घेऊन नुकतीच बी.एस्सी. झालेली. मुंबईच्या एका फॅशन मासिकाची माणसं कर्नाटकातल्या आळंदजवळच्या या लमाणी तांड्यावर फोटो काढायला आली होती. इथल्या बायकांनी भरलेल्या, आरसे लावलेल्या कापडाचा एक लांब झगा शिवला होता; तो घालून मॉडेल उभी राहणार आणि तिच्या चेहऱ्यावर सोमलीबाईचं गोंदण रंगवणार, असं ठरलं होतं. नोंदी ठेवायला आणि दोन्हीकडची भाषा सांभाळायला त्यांनी चार दिवसांसाठी पल्लवीला घेतलं होतं.

सोमलीबाईनं परवानगी दिली ती एका अटीवर.

"गोंदणारी म्हातारी मेली," ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती. "नातीला सुईचं भ्या वाटतंय. माज्या मागं हे कुणाच्या त्वांडावर न्हाई. काढा खुशाल, पर हाय तसं काढा. फोटूत चुकलं तर मग चुकलेलंच ऱ्हाईल. मी बघून व्हय म्हणेन, तवाच फोटू."

मेकअप करणारी सुधारानी मूळची कलबुर्गीची, आता बेंगळुरूला असायची. शाळेच्या खोलीत तिनं दुपारभर वही समोर ठेवून बारीक कुंचल्यानं ठिपके काढले. चार वाजता मॉडेल बाहेर आली आणि सोमलीबाईसमोर खुर्चीवर बसली. सोमलीबाईनं तिची हनुवटी धरली, चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला.

"अगदी बराबर," ती म्हणाली. "आरशात दिसतंय तसंच हाय."

फोटोग्राफर कॅमेरा उचलून निघालाच होता. तेवढ्यात बाजूला उभी असलेली जमलीबाई हसत सुटली. ही सोमलीबाईची नणंद.

"वैनी, उलटं हाय की गं! पाच ठिपके तुज्या ह्या गालावर, अन् पोरीच्या त्या गालावर! उजव्या गालावर तर पल्याडच्या तांड्याच्या बाया गोंदून घेत्यात."

"तुला काय ठावं? त्वांड माजं हाय का तुजं?"

"त्वांड तुजं, पर पन्नास वरसं बघायले मी!"

पल्लवीनं सोमलीबाईकडं पाहिलं, मॉडेलकडं पाहिलं, मग वहीकडं. सोमलीबाईचे पाच ठिपके तिच्या स्वतःच्या डाव्या गालावर होते. पल्लवी समोर बसली होती. कागदावर जी बाजू उजवीकडं आली, तिलाच तिनं उजवा गाल लिहून टाकलं होतं, आणि सुधारानीनं ते वाचून मॉडेलचा उजवा गाल रंगवला होता. अकरा ठिपक्यांची अंतरं मिलिमीटरमध्ये घेतली, आणि डावं-उजवं कुणाच्या बाजूनं, हे लिहायचंच राहिलं. पहिल्या वर्षाच्या पोरानं केली असती तर तिनं त्याला हसून घेतलं असतं, अशी चूक.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "सगळं उलट्या बाजूला गेलंय."

"पल्लवी, त्यांनी हो म्हटलंय ना?" फोटोग्राफर म्हणाला. "अट त्यांचीच होती. ऊन तासभर टिकेल. वाचणाऱ्यांना काय कळणार आहे?"

त्याचं खोटं नव्हतं. पल्लवी गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण चुकलेलं कायमचं राहणार होतं, आणि व्हय म्हणणारीला आपण कशाला व्हय म्हटलं, हेच ठाऊक नव्हतं.

"मावशी, जमलाक्का म्हणतात ते खरं आहे."

"तू बी?" सोमलीबाई चिडली. "रोज सकाळी आरशात बघते मी. पाच ठिपके ह्या अंगाला दिसत्यात. पोरीचे बी ह्याच अंगाला दिसायलेत. मी काय आंधळी हाय व्हय?"

पल्लवी थबकली. सोमलीबाईचा चेहरा सगळ्या तांड्यानं पाहिला होता. एकट्या तिनंच तो कधी पाहिला नव्हता. तिनं पाहिला होता तो फक्त आरशातला.

"सुधाअक्का, तुमच्याकडं बिनचौकटीचे आरसे आहेत का? दोन, सारखे?"

सुधारानीनं पेटीतून दोन काढले. पल्लवीनं ते टेबलावर उभे करून कडेला कड भिडवली, मधे वहीचा कोपरा घालून बरोबर काटकोन केला आणि मागून विटा लावल्या.

"हितं बघा, मावशी. अगदी सांध्यासमोर."

सोमलीबाई वाकली. बघत राहिली.

"ही कोण?"

"तुम्हीच."

"मी न्हाई ही. हिचं नाक बी तिसरीकडंच गेलंय."

"गालावरच्या ठिपक्याला बोट लावा बरं."

तिनं आरशात बघत बोट उचललं. आतली बाई भलत्याच बाजूला हात नेऊ लागली. सोमलीबाईनं बोट मागं घेतलं, पुन्हा नेलं, तरी ते कोऱ्या गालावरच टेकलं. जमलीबाईनं तोंडावर पदर धरला.

"साध्या आरशात डावा गाल डावीकडंच दिसतो," पल्लवी म्हणाली. "समोरच्या माणसाला तो त्याच्या उजव्या हाताला दिसतो. ह्या दोन आरशांत तुम्ही जमलाक्काच्या जागी उभ्या आहात."

सोमलीबाईनं तोंड आरशांच्या आणखी जवळ नेलं. मान तिरकी केली, जीभ बाहेर काढून पाहिली. मग मॉडेलला हात धरून शेजारी उभं केलं आणि एकदा आरशातल्या बाईकडं, एकदा पोरीकडं बघितलं.

"म्हंजे तुमी समदे हिलाच बघायलाव व्हय इतकी वरसं?"

"हिलाच," जमलीबाई म्हणाली.

"अन् सांगितलं न्हाईस कामून?"

"काय सांगू? तुजं त्वांड तुला?"

सोमलीबाई खुर्चीवर बसली. "पुसा," ती सुधारानीला म्हणाली. "पोरीला पुन्यांदा रंगवा. ह्या बाईवानी."

फोटोग्राफरनं आकाशाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि कॅमेरा खाली ठेवला. सुधारानीनं कापसावर तेल घेतलं. या खेपेला सोमलीबाई मॉडेलला खेटून, तिच्याच दिशेला तोंड करून बसली. कुंचला उचलण्याआधी सुधारानी दर वेळी दोघींकडं बघायची. पल्लवीनं वहीतलं जुनं पान खोडलं नाही. त्यावर "पाहणाऱ्याच्या बाजूनं" असं लिहिलं आणि पुढचं पान उघडलं.

ऊन शाळेच्या भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढलं होतं तेव्हा सोमलीबाई उठली. तिनं आधी पोरीला दोन आरशांपुढं उभं केलं, मग स्वतः उभी राहिली, मग वळून पोरीच्या गालाकडं नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली.

पल्लवीनं पट्टी काढली.

सोमलीबाई: पाच ठिपके, तिचा स्वतःचा डावा गाल, ओठाच्या कोपऱ्यापासून पहिला ठिपका १९ मिलिमीटर.

मॉडेल: पाच ठिपके, तिचा स्वतःचा डावा गाल, ओठाच्या कोपऱ्यापासून पहिला ठिपका १९ मिलिमीटर.