आईचा सीन

नवा सिनेमा थिएटरला जाऊन बघायचा की घरी, यावरून त्या घरात कायम दोन तट पडायचे. धाकटा मुलगा इलेक्ट्रिशियन होता. बाबांच्या खोलीतला भिंतभर टीव्ही त्याने स्वतःच्या हाताने बसवला होता आणि त्याचं कौतुक सांगताना तो थकत नसे. "थोडी कळ काढा, तोच सिनेमा घरी येतो. पुढच्याचं डोकं मध्ये नाही, कुणाचा फोन वाजत नाही, चहाला उठलं की थांबवता येतो."

"तुला थांबवता येतो," त्याची बायको म्हणायची. "मला घरी सिनेमा म्हणजे धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. थिएटरात निदान तेवढा वेळ कुणी हाक मारत नाही."

त्याची मोठी बहीण, ताई, या वादात पडत नसे. तिचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत उजेड मारून बघितल्यावर संध्याकाळी पडद्याकडे बघायचं त्राण उरत नसे. पण आई जाऊन वर्ष होत आलं तरी ताईचा चेहरा उतरलेलाच होता, म्हणून एका रविवारी दुपारी भावजयीने तिला ओढूनच थिएटरला नेलं.

त्या सिनेमाचं थोडं शूटिंग त्यांच्याच बाजारातल्या रस्त्यावर झालं होतं, एवढं दोघींना ठाऊक होतं. मध्यंतरानंतर तो रस्ता आला. नायक टॅक्सीची वाट बघत उभा होता आणि मागे दुकानं, येणारीजाणारी माणसं दिसत होती. पलीकडच्या फुटपाथवरून एक वयस्क बाई खाली उतरली. तपकिरी स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी, डावा पाय जरा जपून टाकायची सवय.

"ताई," भावजय कुजबुजली. "अगं, आई."

आई रस्त्यात मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे थबकली. कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला बघून काहीतरी बोलली. ओठ हलले, आवाज मात्र आला नाही, वर व्हायोलिन चाललं होतं. मग टॅक्सी आली, सीन संपला. शेजारचा माणूस लाह्या खात होता, तो खातच राहिला. ताईने भावजयीचा हात इतका घट्ट धरला होता की नखं उमटली.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांना रडू येईल असं ताईला वाटलं होतं. त्यांनी फक्त एकच विचारलं, "कुठल्या बाजूला बघते ती?"

"कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला. बाबा, उद्या जाऊ या आपण."

"नको. परक्या माणसांच्या गर्दीत, अंधारात मला तिला बघायचं नाही. घरी येईल तेव्हा बघेन."

सिनेमा घरी आला त्या दुपारी सगळे बाबांच्या खोलीत जमले. आई दिसली तसा धाकट्याने तो थांबवला. आई भिंतीवर स्थिर झाली, तोंड अर्धवट उघडं. मग धाकट्याने सीन मागे नेऊन पुन्हा लावला, पुन्हा लावला. आई काय म्हणते याचे तर्क सुरू झाले. धाकटा म्हणाला, "'सरका' म्हणतेय." भावजय म्हणाली, "छे, कुणाला तरी हाक मारतेय." सगळे उठले तेव्हा बाबांनी रिमोट मागून घेतला.

त्यानंतर टीव्ही बंद झालाच नाही. ताई सकाळी दुकान उघडायच्या आधी डोकावायची, तर बाबा सोफ्यावर बसलेले आणि भिंतीवर आई थांबलेली. जेवणाचं ताट समोर निवायचं. भावजय काळजीने म्हणायची, "ते बोलतात तिच्याशी. मी दारात गेले की गप्प होतात."

एका सकाळी बाबा आपणहून म्हणाले, "काल ती पट्ट्याच्या पलीकडे होती. आज अलीकडे आली आहे."

ताई त्यांना दुकानात घेऊन गेली, खुर्चीत बसवून दोन्ही डोळे तपासले. नजर वयाच्या मानाने उत्तम होती. परत आल्यावर तिने स्वतः सीन लावला. नायक घड्याळाकडे बघतो त्या क्षणी तो थांबवला आणि दुकानात काचेवर खुणा करायला वापरते त्या पेनाने आईच्या बुटाच्या टोकाशी टीव्हीवर ठिपका काढला.

दुसऱ्या दिवशी त्याच क्षणी सीन थांबवला. बूट ठिपक्याच्या पुढे होता.

धाकटा हसला. "अगं, निमिषभर मागेपुढे थांबवलं असशील. तुझं डोकं फिरलंय का बाबांसारखं?"

"तू थांबव मग."

त्याने थांबवलं. आई ठिपक्याच्या आणखी पुढे. तिचा चेहराही आता मोठा दिसत होता, स्वेटरचं वरचं निसटलेलं बटण दिसत होतं. थिएटरात एवढ्या मोठ्या पडद्यावर ते दिसलं नव्हतं. धाकट्याने टीव्हीच्या मागे हात घालून वायरी चाचपल्या, सेटिंग तपासलं आणि काम आहे म्हणून निघून गेला. त्यानंतर तो बाबांच्या खोलीत यायचं टाळू लागला.

ताई बाबांच्या शेजारी बसली. "बाबा, तुम्हाला माहीत आहे ना ती काय म्हणते?"

"मी तिथेच होतो. तिला यायला उशीर झाला म्हणून बघायला गेलो होतो. शूटिंगवाल्यांनी दोर बांधला होता, मी कॅमेऱ्याशेजारी दोराच्या अलीकडे उभा. तिने मला बघितलं. म्हणाली, 'तुम्ही व्हा पुढे, मी आलेच.'"

"मग?"

"मग काय, मी आलो घरी. तीही आली थोड्या वेळाने. त्यात काही विशेष नव्हतं गं. पण आता..." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "आता ती येते आहे. रोज थोडी थोडी."

"आणि पोचली म्हणजे?"

"तेच कळत नाही. कधी वाटतं येऊ द्यावं. कधी भीती वाटते की अशीच माझ्या बाजूने पुढे निघून जाईल, मग पडद्यावरही राहणार नाही. म्हणून थांबवून ठेवतो."

ताईला वेगळीच भीती वाटत होती, पण ती तिने बोलून दाखवली नाही. आई पोचेल त्या दिवशी बाबा इथे एकटे असतील आणि तिच्याबरोबर उठून जातील. रिमोट काढून घ्यावा, टीव्हीच बंद करून टाकावा असं तिच्या मनात आलं. बाबांकडे बघितल्यावर मात्र धीर झाला नाही. पुढे झुकून आईची वाट बघणारा त्यांचा चेहरा तिने याआधी कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, "बाबा, थिएटरात अजून दुपारचा एक खेळ चालू आहे. तिथे आपल्याला थांबवता येणार नाही. जे व्हायचं ते होऊ द्या. मी असेन बरोबर."

बाबा दोन दिवस हो म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले.

थिएटर जवळजवळ रिकामं होतं. बाबांनी उजव्या कडेची खुर्ची निवडली. मध्यंतरात ते बाहेर आले नाहीत. रस्ता आला तशी ताईने त्यांची बाही धरली.

आई फुटपाथवरून उतरली. पहिल्या दिवशी दिसली होती तशीच, लांबवर, पट्ट्याच्या पलीकडे. थबकली. ओठ हलले. ताईला आता ते शब्द स्पष्ट वाचता आले. मग आई चालू लागली. त्या रविवारी ती तिथून पुढे चालली नव्हती, हे ताई शपथेवर सांगू शकली असती. डावा पाय जपत ती पट्टा ओलांडून आली, नायकाच्या खांद्यामागून पुढे आली. तिचा चेहरा पडद्यावर मावेनासा झाला आणि ती उजव्या कडेने पडद्याबाहेर गेली. त्या बाजूच्या अंधारात पायऱ्यांचे बारीक दिवे होते. ताईने तिकडे मान वळवली नाही. तिला ते जमलं नाही. व्हायोलिन चालू होतं आणि त्याच्या खाली गालिच्यावर कुणी जपून पाऊल टाकावं तसा आवाज आल्यासारखा तिला वाटला.

टॅक्सी आली. बाबांनी लांब श्वास सोडला. ताई त्यांच्याकडे बघायला घाबरत होती, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "हा आता टॅक्सीत बसून जातो कुठे? मी पुढचा सिनेमा बघितलाच नाही कधी."

शेवटपर्यंत त्यांनी सिनेमा बघितला. नायकाच्या मूर्खपणावर एकदा हसलेसुद्धा. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्या दिवसापासून टीव्ही बंद राहू लागला, बाबा सकाळी फिरायला जाऊ लागले. धाकटा सगळ्यांना सांगत सुटला, "बघा, माणसाला बाहेर काढलं की बरं वाटतं." भावजयीने त्याला आठवण करून दिली की थिएटरच्या बाजूने ती किती वर्षं भांडत होती.

काही दिवसांनी ताई दुपारची बाबांकडे गेली. बाबा सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. तिला राहवलं नाही. तिने रिमोट उचलून तो सीन लावला. नायक होता, दुकानं होती, माणसं जात होती. फुटपाथवरून कुणी उतरलं नाही. तिने मागे नेलं, पुन्हा लावलं. टॅक्सी आली. रस्ता रिकामा.

"बाबा, आई दिसत नाही."

बाबांनी वर्तमानपत्रावरून तिच्याकडे बघितलं. आवाजात नवल नव्हतं. "तिथे कशाला शोधतेस तिला?" ते म्हणाले, आणि पान उलटताना सोफ्यावर थोडे सरकून बसले.

शेजारी एका माणसापुरती जागा झाली. ताई बसायला पुढे झाली, पण बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ती जागा आपल्यासाठी केलेली नाही हे तिला समजलं. तिने टीव्ही बंद केला आणि समोरची खुर्ची ओढून घेतली.