सुरतेतला उपास

ढोकीच्या शरणबसप्पांना सुरत बघायचं खूळ कधी लागलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण लागलं ते सुटलं नाही एवढं खरं. दुकानात गिऱ्हाईक आलं की कापड मोजता मोजता म्हणायचे, "महाराजांनी सुरत दोनदा लुटली. म्या निदान एकदा बघून तरी येतो." महायुद्ध संपलं, गाड्यांची गर्दी जरा ओसरली, आणि अप्पांनी बायकोला, इरम्माला, गाठोडं बांधायला सांगितलं. येडशीला छोट्या रुळांची गाडी धरली. हद्दीवर निजामाच्या जकातवाल्यांनी गाठोडं उसकटून पाहिलं, मग कुर्डुवाडी, मग मुंबई, आणि एकदाची सुरत आली.

धर्मशाळेत पडशी टाकून अप्पा इरम्माला घेऊन थेट डुमसच्या समुद्रावर निघाले. समुद्र पाहून इरम्मा थबकली. ती काळ्या वाळूत लांबच उभी राहिली.

"एवढ्या लांबून आलो ते नुसतं बघायला व्हय?" अप्पांनी तिचा हात धरून ओढला. "पाय तर बुडीव!"

पाय बुडवायला गेली आणि लाटेनं तिला आडवी केली. अप्पा पोट धरून हसले. इरम्मा कशीबशी उठली आणि सवयीनं तिचा हात गळ्याकडं गेला. दोऱ्याला चांदीची डबी होती, पण तिचं झाकण उघडं होतं आणि आत काही नव्हतं. लहानपणापासून अंगावर बाळगलेलं काळं, गोल इष्टलिंग समुद्रानं एका घोटात नेलं होतं.

लिंगायताच्या घरात लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात घास जात नाही. हरवलं तर गुरूनं नवं द्यावं लागतं, आणि यांचे स्वामी बसले होते तिकडं ढोकीच्या मठात. पण इरम्माला भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

गावातल्या वीरभद्र तेल्याचं लिंग असंच तेरणेच्या पुरात गेलं होतं. स्वामी नेमके परगावी. गडी दोन दिवस मठात उपाशी पडून होता. बायाबापड्यांना कीव आली, कुणी दुधाचा पेला घेऊन आलं, तर मठाच्या दारात हेच शरणबसप्पा आडवे उभे राहिले होते. "नेम म्हंजी नेम. लिंग गेलं तर जीव ठिवून तरी काय करायचं?" हे वाक्य गावात म्हणीसारखं फिरलं होतं. अशा माणसाला सांगायचं तरी कसं? इरम्मानं डबीचं झाकण गपचूप लावलं आणि पदर घट्ट ओढून घेतला.

सकाळी अप्पा पूजेला बसले, तशी तीही पाठ फिरवून बसली. रिकाम्या तळहातावर पाणी घातलं, बेलाचं पान ठेवलं. पाणी बोटांमधून गळून गेलं. जेवणाची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "आज सोमवार हाय. म्या उपाशीच ऱ्हाते."

मग अप्पांनी सुरत दाखवायला काढली. तापीकाठचा किल्ला दाखवला. इथं मोठाली जहाजं लागायची, हजला जाणारे इथूनच निघायचे, असं टांगेवाल्यानं सांगितलेलं सगळं स्वतःचं असल्यासारखं सांगितलं. इंग्रज आणि वलंदेज म्हणजे डच साहेबांची थडगी दाखवली, देवळांपेक्षा उंच. "मेल्यावर बी केवढा डौल बघ!" इरम्मा मान डोलवत होती, पण डोळे थाऱ्यावर नव्हते. रस्त्यावरचा गोल खडा दिसला की तिचा पाय अडखळायचा. फळवाल्याच्या पाटीतली जांभळं दिसली आणि तिला रडूच फुटलं. जरीच्या कारखान्यात सोन्याची तार कशी ओढतात ते लोक बघत होते, आणि ही खाली वाकून जमीन बघत होती.

"तुझं काय हरवलंय का?" अप्पांनी विचारलं.

"न्हाय बा. माझं काय हरवतंय?"

दुसऱ्या दिवशी तिनं तुळजापूरच्या आईचा मंगळवार काढला. अप्पांनी सुरतेची मिठाई घारी आणली होती, साजूक तुपानं थबथबलेली. तिचा वास सहन होईना म्हणून इरम्मा ओसरीत जाऊन बसली. पाण्याचा घोट तेवढा चोरून घेतला, आणि पूजेविना घेतला म्हणून रात्रभर तळमळली. बुधवारला मात्र तिला देव सापडेना. घड्याळाच्या मनोऱ्याखाली अप्पा वर बोट दाखवून काही सांगत असतानाच ती मटकन खाली बसली.

धर्मशाळेत आणून निजवल्यावर तिनं डबी उघडून दाखवली.

अप्पांचा चेहरा उतरला. "कवा गेलं?"

"तुमी हसत हुता तवा."

"आन् ही तीन दिस पूजा कशाची करत हुतीस?"

"मोकळ्या हाताची."

अप्पा उठले, दारापर्यंत गेले, परत आले. डुमसला जाऊन शोधतो म्हणाले, आणि स्वतःलाच वेड्यात काढून पुन्हा बसले. आज गाडी धरली तरी ढोकी गाठायला दोन दिवस हवेत. इरम्माच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

"चिडू नगा," ती म्हणाली. "तुमीच म्हनला हुता न्हवं, लिंग गेलं तर जीव ठिवून काय करायचं?"

अप्पा उठून बाहेर गेले. मग तोंड धुऊन आले, भस्म लावलं, स्वतःच्या गळ्यातलं लिंग काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. आपलं लिंग दुसऱ्याच्या हाती द्यायचं नसतं, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. इरम्मानं चटका बसावा तसा हात मागं ओढला. अप्पांनी तो खालून धरून ठेवला.

"धर. मोडला तर नेम माझा मोडंल. तुझा न्हाय."

दोघांनी मिळून पूजा केली. मग अप्पांनी घारीचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला. दोघंही रडत होती आणि तिला खरंच फार भूक लागली होती.

ढोकीला पोचल्यावर आधी मठ गाठला. सुरतेचं ऐकायला निम्मा गाव गोळा झाला होता. स्वामींनी इरम्माला नवं लिंग दिलं आणि सहज विचारलं, "इतके दिवस उपाशी कशी राहिलीस, बाई?"

इरम्मानं मान खाली घातली. ती खोटं बोलायला तयार होती. पण शरणबसप्पा हात जोडून पुढं झाले.

"न्हाय ऱ्हायली, स्वामी. माझं लिंग तिच्या हातावर ठिवलं आन् जेवू घातलं. जी काय शिक्षा आसंल ती मला द्या."

मठात कुजबुज झाली. स्वामी म्हणाले, "उपाशी माणसाला जेवू घातलं, त्याला शिक्षा कसली?"

इरम्माचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागच्या खांबाजवळून कुणीतरी उठलं. वीरभद्र तेली होता. आवाज चढला नव्हता.

"अप्पा, माझ्या येळंला तुमच्या गळ्यात लिंग न्हवतं का?"

शरणबसप्पांचा हात गळ्यातल्या डबीवर गेला. सुरतेचं एवढं सांगायचं होतं, त्यातलं काही आठवेना. इरम्मा उठली, सुरतेहून आणलेला घारीचा डबा उघडला आणि पहिला तुकडा वीरभद्राच्या हातावर ठेवला. त्यानं तो घेतला, पण खाल्ला नाही.