वर गेलेला बॉल

भिंगरी गोलच्या खांबावर चढली आणि आडव्या दांडीवर ऐसपैस बसली. तिने मोजपट्टी खाली सोडली. मामाने तिचं टोक धरून जमिनीला टेकवलं.

मैदानाला लागूनच बाबांचं वेल्डिंगचं दुकान. ग्राइंडरच्या आवाजावर आवाज काढून तिथून हाक आली, "किती भरलं गं? तेवढाच नवा पाइप कापतो!"

शाळेतल्या मुलींच्या संघासाठी नवा गोल व्हायचा होता. हा जुनाही बाबांनीच केलेला, भिंगरीच्या जन्माआधी, गावात पगारी खेळाडूंचा फुटबॉल क्लब निघाला तेव्हा. क्लब कसला, दोन हंगामांचा पाहुणा! कारखान्याच्या मालकाने हौसेने काढला, निळी बस घेतली, दुकानादुकानांत खेळाडूंचे फोटो लागले. शेवटच्या सामन्यात एक गोल झाला असता तर क्लब वरच्या गटात टिकला असता. शिट्टी वाजायच्या बेताला मामाने बॉल मारला. तो दांडीवर आपटला आणि उडाला तो थेट आभाळात. मालकाची हौस फिटली, बस विकली गेली, फोटो उतरले.

तेव्हापासून बाबांचा विनोद ठरलेला. "आमच्या मेव्हण्यांचा बॉल अजून खाली यायचाय!" पुढे तो न्हाव्याने उचलला आणि न्हाव्याकडून सगळ्या गावाने. मामाही हसायचा.

भिंगरीने पट्टी वाचली. डोळे बारीक करून पुन्हा वाचली. आठ फूट दांडीच्या वरच्या कडेला भरत होते. भरायला हवे होते खालच्या कडेला. गोलची उंची आतून धरतात, हे खेळाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी घोटवून घेतलं होतं. म्हणजे पाइपाच्या जाडीइतकी दांडी खाली होती.

"मामा, तुझा बॉल आत गेला असता..."

"माहितेय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन मोजलं होतं."

"आणि बोलला नाहीस? अरे, लोक अजून तुला हसतात!"

मामाने पट्टीवरचा चिखल अंगठ्याने पुसला. "तुझ्या आईचं लग्न ठरलं होतं दाजींशी. गाव आधीच पेटलेलं. माप चुकलं म्हटलं असतं, तर त्यांचं दुकान गेलं असतं, आणि लग्नही. तू माझ्या जागी असतीस तर?"

"मी तेव्हा नव्हतेच."

"तेच म्हणतोय मी."

"अगं, आकडा सांग की! झोप लागली का वर?" बाबा ओरडले.

नुसतं 'आठ' म्हणावं, तर नवा गोलही तसाच बुटका होणार, आणि त्यात बॉल मारायचे होते तिला. खरं सांगावं, तर बाबांचा इतक्या वर्षांचा विनोद त्यांच्याच अंगावर येणार. मामा मानेनेच नको नको म्हणत होता. मग तिने श्वास भरून घेतला.

"बाबा, आतून आठ फूट मोकळे ठेवा! दांडी त्याच्यावर!"

ग्राइंडर थांबला.

मग बाबा आले. गोलखाली चवड्यांवर उभे राहिले आणि हात उंचावून दांडीच्या खालच्या कडेवर बोटं टेकवली. तशीच ठेवली. मामाकडे पाहिलं, तर मामा खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. ती सुटलेली नव्हतीच. बाबा दुकानात परतले.

नवा गोल उभा राहिला त्या संध्याकाळी मुली सरावाला आल्या. न्हावी कुंपणाशी येऊन टेकला.

"काय मिस्त्री, मेव्हण्यांचा बॉल आला का खाली?"

मुली आधीच फिदीफिदी हसायला लागल्या. बाबांनी भिंगरीच्या पायापुढचा बॉल उचलला, शर्टाला पुसला आणि गोलसमोर, मामाच्या पायाशी नेऊन ठेवला.

"आला," ते न्हाव्याकडे न बघता म्हणाले. "मारा, मेव्हणे."